चाळीस सेकंद

सँटोरिनी
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अब्बा,

सलाम. मी पोचले. अथेन्सला नाही, सँटोरिनीला. अम्मीला मी अथेन्स सांगितलं आहे आणि तुम्हीही तेच सांगायचं आहे. म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या मेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर तुमच्याआधी तीच वाचते.

रागवायच्या आधी ऐका.

हजार माणसं मावतील एवढी बोट, आणि उतरणारे आम्ही तिघं: आमचे प्रोफेसर, उपकरणांचा एक तंत्रज्ञ आणि मी. चढणाऱ्यांची रांग मात्र डोंगराच्या वळणापर्यंत होती. बॅगा, बाळांच्या गाड्या, पिंजऱ्यात मांजर. एका पोलिसाने मला विचारलं, "मॅडम, चुकून उतरलात का?"

दहा मिनिटांत पहिला धक्का बसला. पायाखालून ट्रक गेल्यासारखा. पाच वर्षं मी भूकंप कागदावर पाहते आहे. पायांना आज पहिल्यांदा कळला. अब्बा, मी हसले. रांगेतल्या लोकांनी पाहिलं तेव्हा लाज वाटली, पण हसू थांबेना.

इथे बेटांची एक रांगच आहे. काही ज्वालामुखी पाण्याच्या वर, एक पाण्याखाली. ईशान्येला समुद्रात अनिड्रॉस नावाचा ओसाड खडक आहे; त्याच्या आसपास आठवडाभर धक्के चालू आहेत. प्रश्न असा आहे: खाली नुसते खडक सरकतायत, की मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, वाट काढतोय? आणि काढत असेल तर वर येतोय की आडवा जातोय? वर आला तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सरकारी केंद्र मोठ्या धक्क्यांची यादी देतं. अगदी बारीक धक्के मोजायला आमच्या विद्यापीठाने पाच सेन्सर लावले आहेत. त्यांना आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची नावं मी दिली: हर्णे, केळशी, आंजर्ले, मुरुड, बुरोंडी. प्रोफेसरांना वाटलं ही पाच देवींची नावं आहेत. मी दुरुस्त केलं नाही.

आणि मोजणीला तुमचाच प्रोग्रॅम लावला आहे. सुट्टीत डायनिंग टेबलवर बसून मला शिकवलेला, तोच. "छोटा आहे, बंद पडत नाही," असं प्रोफेसर म्हणाले. तुमच्याबद्दल बोलतायत असंच वाटलं.

घरमालकीण कॅलिओपी. चौऱ्याहत्तर वर्षांची. तिची मुलगी रूला दोन मुलांना घेऊन कालच अथेन्सला गेली. ही गेली नाही. म्हणते, एवढी वर्षं बेट तिला सांभाळतंय, आता चार दिवस ती बेटाला सांभाळील.

रोजचा आकडा तुम्हाला पाठवते. सोबत आजची रेघ, सेन्सरने काढलेला धक्क्यांचा आलेख.

तुमची
निदा

*

दोहा
मंगळवार, ४ फेब्रुवारी

निदा बेटा,

वालेकुम सलाम. रागवायचं होतं. तुझी रेघ उघडली आणि राहून गेलं.

बाय, काय रेघ आहे ती! ऑफिसच्या प्लॉटरवर, त्या मोठ्या छपाईयंत्रावर, तिचा एक तास छापला. कामगार वसाहतीची, बरवा अल बराहाची बस आली, क्रू उतरला, आणि सगळे कागदाभोवती गोळा झाले. हजेरी लावायची विसरले. सुपरवायझर ओरडत आला आणि तोही वाकून बघत राहिला. "ये कौन सा फील्ड है?" मी म्हटलं, माझ्या मुलीचं.

एकोणतीस वर्षं मी हेच करतो. समुद्रात हवेची बंदूक उडवायची, तळाखालच्या थरांवरून परत येणारा आवाज ऐकायचा, त्यावरून गॅस कुठे ते दुसऱ्या कुणी सांगायचं. इथली जमीन विचारल्याशिवाय बोलत नाही. तुझी तर न विचारता बोलतेय, आणि किती बोलतेय.

प्रोग्रॅम चालतो हे वाचून बरं वाटलं. तो दोन हजार चार साली लिहिला, तेव्हा तू दुधाचे दात पाडत होतीस. इंजिनियर म्हणाले होते, रहमानभाई, हे तुमचं काम नाही. आजवर एकदाही बंद पडला नाही.

तुझ्या अम्मीने विचारलं, अथेन्सला थंडी किती आहे. मी म्हटलं, बरीच. तिने विचारलं, बरीच म्हणजे किती डिग्री. मी नमाजाला उठलो. हे फार दिवस चालणार नाही. तू लवकर सांग, नाहीतर मी पकडला जाईन.

हेल्मेट घालतेस ना? घालत नसशील तर मला सांगू नकोस, फक्त घाल.

तुझा
अब्बा

*

सँटोरिनी
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रिय अब्बा,

सोबत चार दिवसांची यादी. तासाची सरासरी: मंगळवारी अठ्ठावीस, बुधवारी तेहतीस, काल सत्तावीस, आज वीस.

उतरतंय. माझा विश्वास बसत नाही, पण उतरतंय.

इथे आता मी कोण आहे माहीत आहे? सकाळी बेकरीत पाव आणायला जाते. गावात उरलेले तीसेक लोक तिथेच असतात. मी शिरले की बोलणं थांबतं. बेकरीवाला पाव पुढे करतो आणि विचारतो, "किती?" मी आकडा सांगते. आज "वीस" म्हटल्यावर एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पावाचे पैसे घेतले नाहीत. मला रडू आलं, अब्बा. पाच वर्षांत माझ्या कुठल्या आलेखासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

फक्त कॅलिओपीला पटत नाही. कपाटातले काचेचे पेले दाखवते. म्हणते, बुधवारी किणकिण थांबत होती, आता थांबतच नाही. मी बसून पाहिलं. किणकिणतात, खरं आहे. पण भ्यालेला माणूस जास्त मोजतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तिला मी यादी दाखवली. यादीकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही.

रूलाशी मात्र फोनवर बोलले. ती रोज विचारते. अथेन्समध्ये सासू धरून चार माणसं एका खोलीत आहेत, धाकट्याला खोकला आहे, मोठी रडते. तिने विचारलं, "तू तिथे आहेस. तुझ्या यंत्रांना काय वाटतं?" मी म्हटलं, कमी होतंय. तिने लगेच सोमवारच्या सकाळच्या बोटीची तिकिटं काढली. मुलांसकट. तिच्या मागोमाग या गल्लीतली आणखी दोन घरं परतायची म्हणतायत.

सोमवारीच प्रोफेसर आमचा तक्ता सरकारी बैठकीत मांडणार. माझा तक्ता! मॅग्मा होता की नव्हता, ते आता कळणार नाही बहुतेक. त्याचं थोडं वाईट वाटतं. असं वाईट वाटणं चांगलं नाही, तेही कळतं.

अम्मीला सांगते आता. संपल्यावर सांगणं सोपं.

निदा

*

दोहा
शनिवार, ८ फेब्रुवारी

निदा,

केळशीच्या सेन्सरची कालची अकरा ते बारा या तासाची कच्ची रेघ पाठव. प्रोग्रॅममधून काढलेली नको. सेन्सरने लिहिली तशी.

आज पाठव. जमलं तर आत्ता.

अब्बा

*

सँटोरिनी
शनिवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळ

अब्बा,

पाठवली आहे.

तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. टाळ्यांचं नाही, तक्त्याचं नाही. माझ्या मोजणीवर विश्वास नसेल तर सरळ लिहा. प्रोफेसरांचा आहे. आणि प्रोग्रॅम तुमचाच आहे, हे विसरू नका.

निदा

*

दोहा
रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी १२

निदा बेटा,

हे वाचून आधी रूलाला फोन कर, मग पुढचं वाच. तिला सांग, बोटीत बसू नको.

आता ऐक.

शुक्रवारी तुझी यादी चहाबरोबर वाचत होतो. मला आकड्यांपेक्षा मधली अंतरं वाचायची सवय आहे. मंगळवारी दोन धक्क्यांतलं सगळ्यात कमी अंतर एक्केचाळीस सेकंद. बुधवारी चाळीस. गुरुवारी एक्केचाळीस. शुक्रवारी चाळीस. चार दिवसांत दोन हजारांवर धक्के, आणि चाळीस सेकंदांच्या आत एकही जोडी नाही. जमीन घड्याळ बघून हलत नाही, बेटा.

चहा तसाच राहिला. कारण ते चाळीस सेकंद मी ओळखले. ते माझे आहेत.

इथला समुद्र उथळ. बंदूक उडवली की आवाज तळ आणि पाण्याचा वरचा भाग यांच्यात आपटत राहतो. एका गोळीच्या दहा गोळ्या ऐकू येतात. म्हणून मी प्रोग्रॅमला शिकवलं: एक आवाज मोजला की चाळीस सेकंद कान बंद ठेव. त्या काळात पुन्हा आवाज आला तर तो घुमणारा आवाज समज, मोजू नको, आणि चाळीस सेकंद पहिल्यापासून सुरू कर. आमच्याकडे हे बरोबर होतं. आमची गोळी आम्हीच मारतो. पुढची दोन मिनिटांनी येणार हे आम्हाला माहीत असतं.

तुझ्याकडे गोळी कोण मारतंय?

धक्के लांब लांब होते तोवर प्रोग्रॅम बरोबर मोजत होता. जवळ आले तसे त्याचे कान बंद राहायला लागले. एकाला लागून एक आले की सगळे मिळून एक. म्हणजे धक्के जितके वाढले तितका तुझा आकडा उतरला.

मला खात्री नव्हती, म्हणून काल काही लिहिलं नाही. आमच्या कामात एका माणसाची मोजणी धरत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत मोजायचं, एकमेकांना सांगायचं नाही. तुझी रेघ दोन प्रतींत छापून घरी आणली. एक मी घेतली, एक तुझ्या अम्मीला दिली. ऑफिसचं काम आहे म्हटलं. तिने तसबीह काढली, दर शिखराला एक मणी. मीही तसंच.

माझे दोनशे चौदा झाले. तिचे दोनशे सतरा. पुन्हा पाहिलं तर तिचे तीन खरे निघाले. मला चष्मा बदलायला हवा.

तुझ्या यादीत त्या तासाला वीस आहेत.

जे पेले थांबत नाहीत असं ती बाई म्हणत होती, ते बरोबर मोजत होते.

नियम प्रोग्रॅमच्या सोळाव्या ओळीत आहे. तुला शिकवताना तो सांगायचा राहिला. राहिला असं म्हणतो, पण खरं म्हणजे तो सांगण्यासारखा काही नियम आहे हेच मी विसरलो होतो. मासे पकडणारा पाणी ओलं असतं हे कुणाला सांगत नाही, तसं. चूक माझी आहे. चाळीसच्या जागी अर्धा सेकंद घाल आणि आठवडा पुन्हा मोज.

बोट उद्या सकाळची आहे. यल्ला, चल, फोन कर.

अब्बा

*

सँटोरिनी
सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी ६

प्रिय अब्बा,

काल तुमचं पत्र बेकरीत वाचलं.

रूलाला फोन लावला. कॅलिओपीच्या स्वयंपाकघरात, स्पीकरवर, म्हणजे तिलाही ऐकू यावं. बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"शुक्रवारी तू म्हणालीस कमी झालेत."

"हो."

"आज म्हणतेस दहापट आहेत."

"तेव्हाही होते. मला दिसत नव्हते."

"म्हणजे यंत्र तुझं, चूक तुझी, आणि धावपळ माझी?"

"हो."

"मुलांना मी सांगितलंय उद्या घरी जायचं. मोठीने बॅग भरली. बॅग उशाशी घेऊन बसलीय. आता तिला तू सांग."

मग ती म्हणाली, "आणि मंगळवारी काय सांगशील? पुन्हा ये?"

कॅलिओपीने फोन हातात घेतला आणि बराच वेळ ग्रीकमध्ये बोलली. ठेवल्यावर मला म्हणाली, "मी चार दिवस सांगत होते. पण माझ्याकडे कॉम्प्युटर नाही ना." मग पुढ्यात सूप ठेवलं.

बाकीच्या दोन घरांनी तिकिटं रद्द केली. रूला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बोट साडेसातला सुटते. आता सहा वाजलेत. फोन उचलत नाही.

बेकरीतही सांगितलं. सगळ्यांसमोर. या वेळी टाळी नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "मग तुझा पाव परत कर." कुणी हसलं नाही, आणि मग सगळेच हसले.

प्रोफेसरांनी विचारलं, प्रोग्रॅम कुणाचा? मी म्हटलं, माझा. त्यांनी तक्ता मागे घेतला. मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पण अब्बा, पुढचं ऐका. मी हे सगळं आधी लिहिलं कारण पुढचं लिहायला लागले तर हे राहून जाईल.

सोळावी ओळ बदलली. पूर्ण आठवडा पुन्हा चालवला. चार हजार धक्के होते ते चौदा हजारांच्या पुढे गेले. चौदा हजार! मग प्रत्येक धक्क्याची जागा काढली आणि नकाशावर टाकली, दिवसाला एक रंग. आधीच्या नकाशावर ठिपके तिळासारखे विखुरलेले होते. आता रेघ आली. अरुंद, सरळ रेघ. सोमवारचा रंग सँटोरिनीच्या बाजूला, मंगळवारचा त्याच्या पुढे, बुधवारचा आणखी पुढे. रोज दोन-तीन किलोमीटर ईशान्येला. मधे थांबते, दम घेते, पुन्हा निघते. खडक नुसता सरकला तर असा चालत नाही. काहीतरी त्याला फाडत, फटीत शिरत, पुढे जातंय.

मॅग्मा आहे.

आणि वर येत नाहीये. निदान अजून तरी. आडवा जातोय, बेटापासून दूर, समुद्राखालून. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटलेले असतात, त्यांच्यात डिंक दाबून ढकलला तर तो वर न येता थरांतूनच पसरत जातो, तसा.

प्रोफेसर बोलत नव्हते ना? नकाशा बघून खुर्चीवरून उठले, बाहेर गेले, आत आले, पुन्हा बघितला. मग मला मिठी मारली आणि लगेच म्हणाले, "तुला मी अजून माफ केलेलं नाही."

जमीन चालताना मी पाहिली, अब्बा. तिची पावलं मोजली.

बोट सुटायला दीड तास आहे. पुन्हा फोन लावते.

निदा

*

दोहा
मंगळवार, ११ फेब्रुवारी

निदे,

तुझे अब्बा कंपनीचा पिवळा टी-शर्ट घालून कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालायला गेलेत. स्पोर्ट्स डेची सुट्टी आहे. पोट आत घेऊन फोटो पाठवलाय. लॅपटॉप घरी ठेवून गेलेत. पासवर्ड तुझी जन्मतारीख आहे. एवढी हुशार माणसं तुम्ही.

तर अथेन्सला थंडी बरीच आहे म्हणे.

शनिवारी त्यांनी माझ्यासमोर कागद पसरला. ऑफिसचं काम, बिलकिस, जरा मोजून दे. एकोणतीस वर्षांत त्यांनी ऑफिसचा कागद घरी आणला नव्हता. मी चष्मा लावला. कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: केळशी.

कतरमध्ये केळशी कुठून आली?

माझं माहेर त्या कागदावर कोण लिहील? जगात एकच मुलगी आहे. मग मी त्या रेघेकडे पाहिलं. टीव्हीवर आठवडाभर तेच चाललंय, ते बेट, बोटीच्या रांगा. कळलं.

वाटलं कागद फाडावा. वाटलं बाहेर जाऊन त्यांना विचारावं, मुलगी तिथे आहे आणि तुम्ही मला बरीच थंडी सांगता? पण ते दुसऱ्या खोलीत मोजत होते, आणि त्यांचा आवाज येत होता. घाबरले की ते असेच मोठ्याने मोजतात. तेव्हा समजलं की काहीतरी चुकलंय आणि या आकड्यावर काहीतरी अवलंबून आहे. मग मी बसले. दीडशेच्या पुढे बोटं जड झाली. हरेक मणी म्हणजे तू उभी आहेस ती जमीन हलली, एवढं कळत होतं मला. तरी एकही सोडला नाही. त्यांचे तीन सुटले, माझा एकही नाही, हे तुझ्या प्रोफेसरांना सांग.

काल ते सगळं बोलले. स्वतःहून. रूलाचंही सांगितलं. मी तिच्या जागी असते तर तुझा राग आला असता. आयुष्यभर आला असता. पण बोट पकडली नसती.

आणखी एक. तुझ्या अब्बांनी काल प्रोफेसरांना मेल केलाय. तीन ओळी. इंग्रजी तपासायला मला दिलं, म्हणजे बघ. लिहिलंय की प्रोग्रॅम माझा, नियम माझा, मुलीला सांगायचा राहिला. तू "माझा" म्हणालीस हे त्यांना आवडलं नाही. मला आवडलं. पण खरं ते त्यांनीच लिहायला हवं होतं.

परत ये असं मी लिहिणार नाही. लिहिलं असतं तर तू आली असतीस का? खरं सांग.

काल तिथे मोठा झाला ना, ५.३? टीव्हीवर दाखवलं. तुझा फोन आला तेव्हा मी "हॅलो" म्हणायच्या आधी तू "अथेन्समध्येही जाणवला" म्हणालीस. मी काही बोलले नाही. तुला वाटलं मला पटलं.

यापुढे मला खोटी जागा सांगायची नाही. घाबरायचं असेल तर मला नीट ठिकाणी घाबरू दे.

तुझी
अम्मी

*

सँटोरिनी
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय अम्मी आणि अब्बा,

अम्मी, तुझं पत्र वाचून मी बेकरीच्या पायरीवर बसले आणि इतकी हसले की म्हाताऱ्याने विचारलं, आकडा चांगला आहे का? मग रडले. तेव्हा तो एक पाव देऊन गेला. याचे पैसे घेतले.

माफी मागते. परत ये लिहिलं असतंस तर आले नसते. हे खरं.

आता रूलाचं. सोमवारी बोट लागली तेव्हा मी बंदरावर उभी होते. उतरणाऱ्यांत सैनिक होते, पत्रकार होते, आणि शेवटी ती. मुलांचा हात धरलेली असेल म्हणून मी तिच्या हाताकडेच पाहत होते. हात रिकामे होते. मुलांना सासूकडे ठेवून एकटी आली होती, आईला न्यायला.

माझ्यासमोरून गेली.

त्याच दिवशी ५.३ झाला. भांडी पडली, छताचा गिलावा पडला, कुणाला लागलं नाही. मुलं आली असती तरी लागलं नसतं, हेही लिहायला हवं. रूलाने दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं. "बघ, आणली असती तरी चाललं असतं." मी म्हटलं, हो. ती वाट बघत होती की मी आणखी काहीतरी म्हणेन. मी म्हटलं नाही.

कॅलिओपी दोन दिवस भांडली. शेवटी परवा तयार झाली. पेले एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि जमिनीवर ठेवले. बंदरावर तिने मला विचारलं, "कधी परत येऊ?"

माझ्या खिशात नकाशा होता. रेघ दोन दिवस पुढे सरकलेली नाही. आकडाही उतरतोय, आणि या वेळी सोळावी ओळ मी रोज दोनदा तपासते. प्रोफेसर म्हणतात, मॅग्मा थिजायला लागला असेल. मलाही तसंच वाटतं. तिला "पंधरा दिवसांत" म्हणावंसं इतकं वाटलं की जीभ दाताखाली धरली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

रूलाने आईला ग्रीकमध्ये सांगितलं. मग माझ्याकडे वळून पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हणाली, "हे तुला शुक्रवारी सांगता आलं असतं."

"तेव्हा मला माहीत आहे असं वाटत होतं."

"आता किती माहीत आहे?"

मी नकाशा काढला. बॅगेवर पसरला. कुठून निघाला, कुठे पोचला, कुठे थांबला, ते बोटाने दाखवलं. तिने विचारलं, हे आमच्या घराखालून गेलं? मी म्हटलं, नाही, इथून, समुद्राखालून. रांगेतले लोक वाकून बघायला लागले. बोटीचा भोंगा वाजला तरी ती उठेना. शेवटी म्हणाली, "मोठीला दाखवायला हा मी नेऊ? ती विचारते, घर हलतं कशाने." दिला. गुलाबी रंगाचा ठिपका कुठल्या दिवसाचा, ते तिने कोपऱ्यात लिहून घेतलं. मुलांना कधी आणायचं ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

अब्बा, प्रोफेसरांनी तुमच्या मेलचं उत्तर दिलंय, पण मला दाखवत नाहीत. फक्त म्हणाले, तुझ्या वडिलांना विचार, अर्धा सेकंद कसा ठरवला, पाव सेकंद का नाही? मी म्हटलं, तुम्हीच विचारा. म्हणाले, विचारलंय. तयारीत राहा.

आणि आता हे, तुम्हा दोघांना एकदमच.

उद्या सकाळी सात वाजता आम्ही बोटीने अनिड्रॉसकडे निघतोय. रेघ जिथे थांबली त्याच्या बरोब्बर वर. चार सेन्सर समुद्राच्या तळाला सोडायचे आहेत. एवढ्या जवळून त्या मॅग्माला अजून कुणी ऐकलेलं नाही. प्रोफेसरांना रात्रभर झोप येणार नाही आणि मलाही. बोटीवर नऊ माणसं आहेत, हेल्मेट आहे, लाइफ जॅकेट आहे, ते मी घालेन. वारा सध्या कमी आहे. अम्मी, जागा खरी आहे, नकाशावर बघून घे.

परत किती वाजता येईन ते मला माहीत नाही.

तुमची
निदा